मतदानाच्या सुट्टीत बदललेला कर्नेल: शिरोलीतल्या एका फौंड्रीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली ही मध्यम आकाराची फौंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. नाव देत नाही, आणि माणसंही हुद्द्यानंच ओळखू. अकाउंट्सच्या मागच्या खोलीत एक सर्व्हर आहे, त्यावर फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम चालते. इंटरनेटचं गेटवे आणि फायरवॉल तोच. पॅटर्नची ड्रॉइंग्ज आणि टॅलीचा डेटा त्यावरच्या सांबा शेअरवर, म्हणजे नेटवर्कवरून विंडोज पीसींना दिसणाऱ्या फोल्डरवर. गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपशी जोडणारा व्हीपीएनही त्याच्यावरच, आणि गेटवरच्या वजनकाट्याचे आकडे वाचणारा एक छोटा प्रोग्रामही. एका मशीनवर एवढं लादू नये हे कुणालाही पटतं, पण लहान कारखान्यांत थोड्याफार फरकानं चित्र हेच असतं.

या सर्व्हरचा कर्नेल, म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, खास बनवलेला होता. कारखान्याची इंटरनेटची लाइन अगदी बारीक होती त्या काळात, आधीच्या माणसानं टॅली आणि फोनला प्राधान्य मिळावं म्हणून ऑल्टक्यू, म्हणजे नेटवर्कवरच्या रहदारीला रांगा लावणारी सोय, वापरायचं ठरवलं. फ्रीबीएसडीच्या तयार कर्नेलमध्ये, म्हणजे जेनेरिकमध्ये, ऑल्टक्यू नसतं. ते हवं असेल तर कर्नेल सोर्सपासून बांधावा लागतो. त्यानं तो बांधला, आणि त्याच हिरिरीनं 'लागत नाहीत' अशा पन्नासेक ड्रायव्हरच्या ओळीही काढून टाकल्या. मग तो पुण्याला नोकरीला गेला. नंतर आलेल्या अ‍ॅडमिननं सर्व्हर नीट सांभाळला, पण कर्नेलला हात लावायची वेळ त्याच्यावर आली नव्हती.

अडचण

फ्रीबीएसडीच्या १२ शाखेचा आधार ३१ डिसेंबर २०२३ ला संपला. त्यानंतर सापडणाऱ्या त्रुटींना दुरुस्त्या मिळणार नव्हत्या. फौंड्रीच्या एका मोठ्या ग्राहकाकडून पुरवठादारांसाठी सुरक्षेची प्रश्नावली आली. तिच्यात 'ऑपरेटिंग सिस्टीमला उत्पादकाचा आधार चालू आहे का' असा सरळ प्रश्न होता. मालकांनी तो कागद अ‍ॅडमिनसमोर ठेवला.

जेनेरिक कर्नेल असता तर फ्रीबीएसडी-अपडेटनं काम झालं असतं. पण ते साधन कर्नेल बदलतं तो फक्त तयार, जेनेरिक. खास कर्नेल असेल तर निदान कर्नेल तरी सोर्सपासून बांधावाच लागतो; इथं सोर्स आणून सगळी सिस्टीमच बांधायची आणि क्रमानं बसवायची असा रस्ता धरला. मार्च २०२४ मध्ये १३.३ आलं होतं, तेव्हा उडी १२ वरून १३.३ वर मारायची होती.

दुसरी अडचण पंचगंगेची. अ‍ॅडमिन राहतो राजारामपुरीत आणि कारखाना नदीपलीकडे, पुणे-बेंगळुरू महामार्गावर. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक बंद पडली. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोक्याची. पावसाळ्यात कर्नेल बदलला, आठवड्यानं काही बिघडलं आणि मध्ये पाणी असेल, तर सर्व्हरपर्यंत जाणार कसं? म्हणजे काम जूनच्या आत उरकायचं, नाहीतर दिवाळीनंतर.

पर्याय

पहिला पर्याय दिवाळीपर्यंत थांबण्याचा. मालकांना तो बरा वाटत होता. पण इंटरनेटला थेट जोडलेली फायरवॉल वर्षभर दुरुस्तीविना ठेवायची, हे कुणी लेखी द्यायला तयार नव्हतं.

दुसरा, खास कर्नेल सोडून जेनेरिकवर यायचं. मला बाहेरून योजना तपासायला बोलावलं होतं आणि माझं मत याच बाजूला होतं. कारखान्याची लाइन आता फायबरची आहे, बारीक लाइनसाठी केलेली व्यवस्था वाहत राहायचं कारण नाही. अ‍ॅडमिनचं म्हणणं वेगळं होतं. गोकुळ शिरगावशी होणारे फोन आणि ड्रॉइंग्ज एकाच व्हीपीएनमधून जातात. मोठी फाइल निघाली की बोलणं तुटतं, म्हणून रांगा अजून लागतात. जेनेरिकवर जायचं तर फायरवॉलचे नियमही नव्यानं लिहावे लागतील, म्हणजे एकाच सुट्टीत दोन बदल. काही बिघडलं तर दोष कुठला ते शोधत बसायचं. त्या सुट्टीपुरतं त्याचं म्हणणं बरोबर होतं.

तिसरा पर्याय नवीन मशीन घेऊन सगळं तिकडे हलवण्याचा. पैशाचा प्रश्न होताच, शिवाय वजनकाट्याच्या प्रोग्रामचा सोर्स कुणाकडेच नव्हता. तो जिथं आहे तिथंच चालतो एवढंच माहीत.

ठरलं ते असं: खास कर्नेल ठेवायचा, पण दुसऱ्या मशीनवर बांधून, प्रतिरूप मशीनवर चालवून, मगच खऱ्या सर्व्हरवर आणायचा.

दिवस सापडला तो निवडणुकीमुळं. या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी. लोकसभेचं कोल्हापूर आणि हातकणंगल्याचं मतदान मंगळवारी, ७ मे २०२४ ला, आणि त्या दिवशी पगारी सुट्टी द्यावीच लागते. सलग दोन दिवस भट्टी बंद. मालकांनी परवानगी दिली ती एका अटीवर: "मंगळवारी काय करायचं ते करा, पण बुधवारी सकाळी पहिल्या पाळीला गेटवर ई-वे बिल निघालं पायजे. गाडी उभी राहिली तर मला फोन नको, गाडी सुटल्याचा फोन करा."

तयारी: कन्सोल

कर्नेल सुरू होतो तेव्हा नेटवर्क नसतं, त्यामुळे एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन, उपयोगाचं नसतं. रूट डिस्क सापडली नाही तर मशीन 'माउंटरूट' या प्रश्नावर थांबून राहतं आणि उत्तर द्यायला समोर कीबोर्डच लागतो. या सर्व्हरला दुरून चालवायचं कार्ड नव्हतं. उपाय स्वस्त निघाला: एक जुना मिनी पीसी, त्याला ४जी डोंगल, आणि सर्व्हरच्या सिरियल पोर्टला नल-मोडेम केबल, दोन मशीन थेट जोडणारी. लोडरच्या, म्हणजे कर्नेल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या, सेटिंगमध्ये मॉनिटर आणि सिरियल असे दोन्ही कन्सोल (मशीनशी थेट बोलायचे मार्ग) चालू केले.

ही जोडणी एप्रिलमधल्या एका सोमवारी, जुनाच कर्नेल असताना, रीबूट करून तपासली. सर्व्हर उठलाच नाही. मॉनिटर लावला तर बूट मेनू समोर, दहा सेकंदांची उलटी मोजणी थांबलेली आणि मशीन निवांत.

कारण असं की कॉम-१ या सिरियल पोर्टवर वजनकाट्याचा इंडिकेटर जोडलेला होता आणि कन्सोलही कॉम-१ वरच चालू झाला होता. मिनी पीसीची केबल होती कॉम-२ ला. इंडिकेटर दर सेकंदाला वजन पाठवत राहतो, वेग दोन्हीकडे ९६०० च. लोडरला वाटलं कुणीतरी कळ दाबतंय, म्हणून त्यानं मोजणी थांबवली. काटा रिकामा होता, तेव्हा येत होती ती शून्यंच. वर गाडी उभी असती तर तिच्या वजनातल्या आकड्यांनी मेनूतला कुठला पर्याय निवडला असता कोण जाणे. त्यात सिंगल यूजरही (दुरुस्तीसाठीचा किमान मोड) आहे आणि रीबूटही.

कन्सोल कॉम-२ वर नेल्यावर प्रश्न मिटला. पण हेच नव्या कर्नेलच्या रात्री झालं असतं तर सगळ्यांनी दोष कर्नेललाच दिला असता. म्हणून परतीची साधनं आधी जुन्या कर्नेलवर तपासून घ्यावीत.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट कळली. सिंगल यूजरमध्ये गेल्यावर मशीन रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड मागत होतं, कारण आधीच्या माणसानं कन्सोलला 'असुरक्षित' अशी नोंद केली होती. तो पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. रोजचं काम सुडोवर, म्हणजे आपल्याच खात्यातून रूटचे अधिकार वापरून, भागत होतं, त्यामुळे कधी लागलाच नव्हता. नवा ठरवला आणि बंद पाकिटात मालकांच्या कपाटात ठेवला.

तयारी: बॅकअप

रोज रात्री डंप, म्हणजे डिस्कची पूर्ण प्रत, चालतो असं सगळे धरून होते. स्क्रिप्ट चालत होती, हे खरं. डंप मात्र होत नव्हता. मध्ये कधीतरी डिस्क बदलली तेव्हा नव्या फाइल सिस्टीमवर सॉफ्ट अपडेट्सचं जर्नलिंग (बिघाडानंतर डिस्क लवकर सावरावी म्हणून बदलांची नोंद ठेवणं) चालू झालं. चालू सिस्टीमचा डंप घ्यायला स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र, लागतो, आणि १३.२ च्या आधीच्या फ्रीबीएसडीत जर्नलिंग असलेल्या यूएफएस फाइल सिस्टीमवर स्नॅपशॉट घेता येत नाही. तसा संदेश दर रात्री रूटच्या मेलपेटीत पडत होता. ती पेटी कुणी उघडत नव्हतं.

अकाउंट्सच्या मॅडम मात्र दर शनिवारी टॅलीचा फोल्डर आपल्या बाह्य डिस्कवर उतरवून घेत होत्या. इतक्या दिवसांचा खरा बॅकअप तेवढाच.

पर्याय दोन होते. जर्नलिंग बंद करायचं, किंवा सिंगल यूजरमध्ये जाऊन फाइल सिस्टीम फक्त वाचण्यापुरत्या ठेवून डंप घ्यायचा. दुसरा निवडला, कारण मोठ्या कामाच्या तोंडावर फाइल सिस्टीमच्या रचनेला हात लावायचा नव्हता. पुढच्या सोमवारी डंप घेतला आणि तो एका जुन्या डेस्कटॉपवर रिस्टोअर केला. एका कामात दोन कामं झाली: डंप परत येतो याची खात्री झाली, आणि सर्व्हरचं प्रतिरूपही हातात आलं. रिस्टोअरला पाच तास लागले. हा आकडा पुढं फार उपयोगी पडला.

डेस्कटॉपवर डिस्कचं नाव वेगळं पडल्यानं प्रतिरूप सुरुवातीला उठेना. तेव्हा कुठली डिस्क कुठं जोडायची हे सांगणाऱ्या एफएसटॅब फाइलमध्ये डिस्कच्या नावाऐवजी पार्टिशनची लेबलं घातली, आणि तोच बदल खऱ्या सर्व्हरवरही केला.

तयारी: कर्नेलची फाइल

जुनी कॉन्फिग फाइल म्हणजे जेनेरिकची कधीकाळची नक्कल आणि तिच्यात केलेली खाडाखोड. १३ च्या सोर्सवर ती चालवली तर पहिल्याच ओळींना अडखळली. १०/१०० वेगाच्या जुन्या नेटवर्क कार्डांचे बरेच ड्रायव्हर १३ मधून काढून टाकले आहेत, आणि यातले काही या फाइलमध्ये अजून होते. अ‍ॅडमिननं जी ओळ अडेल ती काढायचा सपाटा लावला. शेवटी कर्नेल बांधून झाला, एकही त्रुटी नाही. इथं बहुतेक जण थांबतात. प्रतिरूप नसतं तर तोही थांबला असता.

प्रतिरूपावर नवा कर्नेल उठला, डिस्क सापडली, नेटवर्क लागलं. पण बाहेरून एसएसएच होईना. कन्सोलवर एक ओळ होती: एसएसएचडी, म्हणजे एसएसएचची सेवा, सिग्नल १२ नं बाहेर पडला.

सिग्नल १२ म्हणजे 'असा सिस्टीम कॉल नाही'. सिस्टीम कॉल म्हणजे प्रोग्रामनं कर्नेलकडे केलेली मागणी. कर्नेल १३ चा आणि बाकी प्रोग्राम अजून १२ चे, अशी ती मधली अवस्था. १३ मध्ये काही जुने सिस्टीम कॉल सुसंगततेच्या पर्यायाखाली हलवले आहेत. उघड्या फाइली बंद करणारा क्लोजफ्रॉम आणि शेअर्ड मेमरी उघडणारा जुना कॉल त्यातलेच. 'कॉम्पॅट फ्रीबीएसडी-१२' ही ओळ कॉन्फिगमध्ये असेल तरच ते चालतात. १३ च्या जेनेरिकमध्ये ती असते. १२ च्या काळातल्या फाइलमध्ये असणं शक्यच नव्हतं, १२ ला स्वतःशी सुसंगत राहायची गरज कुठली? एसएसएचडी सुरू होताना क्लोजफ्रॉम करतो, म्हणून तो मेला. ओळ गाळली तर ओरडायला कंपायलरला काही कारण नसतं. आणि खऱ्या सर्व्हरवर पहिला मेला असता तो आत जायचा रस्ताच.

त्यानंतर जुनी फाइल बाजूला ठेवली. नवी फाइल लिहिली ती अशी: पहिली ओळ 'इन्क्लूड जेनेरिक', मग कर्नेलचं नाव, मग ऑल्टक्यूच्या ओळी. संपलं. जेनेरिकमध्ये पुढं जे बदलेल ते आपोआप येतं आणि आपण काय वेगळं केलंय ते एका नजरेत दिसतं. ड्रायव्हर काढून कर्नेल हलका करायचा हौशी उद्योग आजच्या मेमरीत काहीच वाचवत नाही. उद्या कार्ड बदलावं लागलं की मात्र तोच महागात पडतो.

योजना वाचताना दोन गोष्टी माझ्या लक्षात आल्या. सर्व्हरची मेक-कॉन्फ ही बांधणीच्या सेटिंगची फाइल बांधणीच्या मशीनवर जशीच्या तशी नेली होती आणि तिच्यात प्रोसेसरचा प्रकार 'नेटिव्ह' लिहिलेला. बांधणीचा डेस्कटॉप सर्व्हरपेक्षा बराच नवा. त्यावर 'नेटिव्ह' बांधणी केली तर जुन्या प्रोसेसरला न कळणाऱ्या सूचना आत जाऊ शकतात आणि प्रोग्राम सिग्नल ४ नं कोसळतात. ती ओळ काढली आणि बांधणी पुन्हा केली.

दुसरी गोष्ट जास्त आडवळणाची. सर्व्हरचं लॅनचं कार्ड रियलटेकचं, आणि त्याचा ड्रायव्हर पोर्ट्समधून (फ्रीबीएसडीच्या जादा सॉफ्टवेअरच्या संग्रहातून) घेतलेला मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला वेगळा जोडायचा तुकडा. तो कर्नेलच्या फोल्डरमध्ये नसतो, 'बूट' खालच्या 'मॉड्यूल्स' फोल्डरमध्ये असतो. मेक-कॉन्फमध्ये पोर्ट्स-मॉड्यूल्सची नोंद केली की तो कर्नेलबरोबर नव्यानं बांधला जातो, ते अ‍ॅडमिननं केलं होतं. पण तो फोल्डर जुन्या-नव्या दोन्ही कर्नेलना सामाईक असतो. नवा मॉड्यूल तिथं गेला की जुना कर्नेल त्याला आवृत्ती जुळत नाही म्हणून नाकारणार. जुन्या कर्नेलमधून मूळ रियलटेक ड्रायव्हर तर आधीच्या माणसानं काढून टाकलेला. म्हणजे जुन्या कर्नेलवर परत आलो तरी लॅन नाही. जुना मॉड्यूल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, आणि लोडरमध्ये जुना कर्नेल व जुना मॉड्यूल हातानं लोड करायच्या ओळी प्रतिरूपावर चालवून, छापून, सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवल्या.

योजनेतली रेघ

क्रम ठरलेला असतो: आधी कर्नेल, मग बाकी सिस्टीम. नवा कर्नेल जुने प्रोग्राम चालवू शकतो, जुन्या कर्नेलवर नवे प्रोग्राम चालतीलच असं नाही. त्यामुळे कर्नेल बदलणं परतवता येतं. बाकी सिस्टीम बसवायला घेतली, म्हणजे इन्स्टॉलवर्ल्ड सुरू केलं, की परतीचा रस्ता एकच: डंप.

अ‍ॅडमिननं योजनेच्या कागदावर त्या जागी आडवी रेघ मारली. रेघेच्या वर काहीही फसलं तर रीबूट. रेघेखाली फसलं तर पाच तास. म्हणून नियम केला: मंगळवारी दुपारी बारापर्यंत रेघ ओलांडली नाही तर ओलांडायचीच नाही. मे महिन्यात संध्याकाळी वळीव आला की शिरोलीतली वीज जाते, आणि यूपीएस पाच तास टिकत नाही.

कर्नेल बसवतानाही एक खबरदारी घेतली. इन्स्टॉलकर्नेल चालवलं की चालू कर्नेलचा फोल्डर 'कर्नेल डॉट ओल्ड' होतो. काही चुकलं म्हणून दुसऱ्यांदा चालवलं की त्या जागी पहिल्या खेपेचा फसलेला कर्नेल येऊन बसतो आणि चांगला पुसला जातो. म्हणून चांगल्या कर्नेलची वेगळ्या नावानं प्रत काढली, आणि नवा कर्नेलही वेगळ्या फोल्डरमध्ये बसवला. मग नेक्स्टबूट: पुढच्या एकाच बूटला नवा कर्नेल, त्यानंतर आपोआप जुना. कर्नेल पॅनिक झाला (कोसळला) तर मशीन स्वतःच रीबूट होऊन जुन्यावर येतं. उठला पण नेटवर्क लागलं नाही तर येत नाही, म्हणून बूटच्या शेवटी चालणाऱ्या आर-सी-लोकलमध्ये एक स्क्रिप्ट टाकली: वीस मिनिटांत बाहेरचा गेटवे पिंगला उत्तर देत नसेल तर रीबूट.

कार्यवाही

सोमवारी, ६ मे ला दुपारी ताजा डंप घेतला. फायरवॉलचे नियम बसवणारं साधन म्हणजे पीएफसीटीएल. नव्या कर्नेलवर ते जुनंच चालणार, म्हणजे नियम नीट बसतील असं धरून चालता येत नाही. कर्नेलच्या आतल्या रचनांशी थेट बोलणारी असली साधनं कर्नेलच्याच आवृत्तीची लागतात. म्हणून मधल्या अवस्थेत इंटरनेटची केबल काढून ठेवायची ठरलं आणि काढली. कन्सोलला मिनी पीसीचं ४जी होतंच.

संध्याकाळी नेक्स्टबूट केलं. नवा कर्नेल उठला, सांबा आला, वजनकाट्याचे आकडे दिसले. सगळे खूष. चहा आला. आणि थोड्या वेळानं सर्व्हर आपला आपण रीबूट झाला.

पॅनिक असणार, असंच सगळ्यांनी धरलं. अ‍ॅडमिन कॉन्फिगमधल्या ऑल्टक्यूच्या ओळी एकेक काढून पुन्हा बांधायच्या विचारात होता. पॅनिक असेल तर क्रॅश डंप असायला हवा, म्हणून आधी तो फोल्डर बघू म्हटलं. रिकामा. लॉगमध्ये रूटनं केलेला साधा रीबूट नोंदलेला. तेव्हा उलगडा झाला: स्क्रिप्ट बाहेरचा गेटवे पिंग करत होती आणि बाहेरची केबल आम्हीच काढली होती. दोन खबरदाऱ्या वेगवेगळ्या दिवशी सुचल्या, वेगवेगळ्या पानांवर लिहिल्या गेल्या, आणि एकमेकींना आडव्या आल्या.

नुकसान काही नाही, मशीन जुन्या कर्नेलवर सुखरूप होतं. स्क्रिप्ट बदलून तिला लॅनचा स्विच पिंग करायला सांगितलं आणि नेक्स्टबूट पुन्हा केलं. रात्रभर नवा कर्नेल तसाच चालू ठेवला.

मंगळवारी सकाळी आळीपाळीनं मतदान उरकून आलो. रात्रभराच्या लॉगमध्ये काही नाही, आकाश स्वच्छ. साडेनऊला रेघ ओलांडायचा निर्णय झाला. नवा कर्नेल कायमच्या जागी हलवला, सिंगल यूजरमध्ये गेलो. या सर्व्हरचं सीमॉस घड्याळ भारतीय वेळेवर लावलेलं, आणि सिंगल यूजरमध्ये कर्नेल त्याला यूटीसी समजतो. वेळ साडेपाच तास पुढं दिसते आणि फाइलींच्या तारखांवर चालणारं मेक हे बांधणीचं साधन गोंधळतं. अ‍ॅडजकर्न्टझेडची एक आज्ञा देऊन ते आधी सरळ केलं. मग इन्स्टॉलवर्ल्ड, मग ईटीसीअपडेट (सेटिंगच्या फाइली नव्या आवृत्तीशी जुळवणं), रीबूट. त्यानंतर आधीच उतरवून ठेवलेली १३ ची सगळी पॅकेजेस सक्तीनं पुन्हा बसवली. जुन्या लायब्ऱ्या पुसायची पायरी मुद्दाम महिनाभर पुढं ढकलली. ते बरं झालं, कारण वजनकाट्याचा प्रोग्राम त्यातल्याच एकीवर उभा आहे.

फायरवॉलचे नियम तपासून इंटरनेटची केबल परत लावली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

परिणाम

बुधवारी पहिल्या पाळीला पहिलं ई-वे बिल निघालं. डिस्पॅचच्या टेबलावर मोबाईल हॉटस्पॉटची पर्यायी सोय ठेवली होती, ती लागली नाही. गोकुळ शिरगावचे फोन नीट.

तक्रार आली ती स्पेक्ट्रो लॅबमधून, साडेदहाच्या सुमाराला. धातूची रासायनिक तपासणी करणाऱ्या यंत्राचा पीसी विंडोज एक्सपीवर चालतो, आणि त्याला शेअर उघडता येईना. रिपोर्ट शेअरवर गेला नाही तर टेस्ट सर्टिफिकेट निघत नाही आणि माल हलत नाही. यात कर्नेलचा काही संबंध नव्हता. पॅकेजेस नव्यानं बसवताना सांबाची आवृत्ती पुढं गेली, आणि ४.११ पासून सांबात एसएमबी-१ हा फाइल-शेअरिंगचा जुना प्रोटोकॉल मुळात बंद असतो. एक्सपीला तेवढाच येतो.

एका ओळीनं तो परत चालू करता आला असता, पण ते सेटिंग सगळ्या सर्व्हरला लागू होतं. ग्राहकाच्या सुरक्षा प्रश्नावलीसाठी एवढं केलं आणि शेवटी एसएमबी-१ उघडा ठेवायचा? मालक म्हणाले, "दोन दिवस ठेवा की." अ‍ॅडमिन तयार झाला नाही. पंधरा दिवस रिपोर्ट पेन ड्राइव्हवरून आले, मग एका छोट्या पीसीवर फक्त त्या एका केबलपुरता जुना प्रोटोकॉल चालू करून मध्यस्थ बसवला. लॅबच्या माणसाचा रोष मात्र अजून पूर्ण गेलेला नाही.

जुलै २०२४ च्या अखेरीस पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. त्या आठवड्यातली दुरुस्ती अ‍ॅडमिननं राजारामपुरीतून, सिरियल कन्सोल समोर उघडा ठेवून बसवली.

वेगळं काय करता आलं असतं

प्रतिरूप सर्व्हरचं केलं, पण सर्व्हरला जोडल्या जाणाऱ्यांची यादी केली नाही. कारखान्यात फिरून कुठला पीसी काय उघडतो हे अर्ध्या दिवसात लिहून झालं असतं, आणि एक्सपी तेव्हाच सापडला असता. सगळी तयारी कर्नेलभोवती फिरली, त्रास दिला तो पॅकेजनं.

रीबूटची स्क्रिप्ट प्रतिरूपावर चालवली होती, पण केबल जोडलेली असताना. योजनेची पूर्ण रंगीत तालीम, केबल काढण्यासकट, एकदा झाली असती तर सोमवारची संध्याकाळ शांत गेली असती.

रूटची मेलपेटी आता अ‍ॅडमिनच्या रोजच्या मेलकडे वळवली आहे. डंप दर महिन्याला एका सोमवारी सिंगल यूजरमध्ये घ्यायचा, असा मार्ग त्यांनी धरलाय. पण १३.३ वर जर्नलिंग चालू असतानाही स्नॅपशॉट घेता येतो, म्हणजे रात्रीचा आपोआप डंप पुन्हा चालू करता येईल. माझ्या मते तोच जास्त टिकाऊ, कारण माणसानं आठवणीनं करायचा बॅकअप गणपतीत आणि दिवाळीत चुकतोच.

खास कर्नेलचा प्रश्न उघडाच आहे. १३ शाखेचा आधार ३० एप्रिल २०२६ पर्यंतचा, म्हणजे तेव्हा हीच कसरत पुन्हा. त्याआधी रांगांचं काम डमीनेट या फ्रीबीएसडीतल्याच दुसऱ्या सोयीवर नेता येतं. तो मॉड्यूल म्हणून लोड होतो, कर्नेल बांधावा लागत नाही. तसं झालं तर जेनेरिक पुरेल आणि पुढची अपडेट तयार साधनानं होतील. मात्र तो बदल एखाद्या साध्या सोमवारी, बाकी काहीही न बदलता करायला हवा. अ‍ॅडमिनला हे पटलंय, फक्त आधी कुठला फोन किती वेळा तुटतो ते महिनाभर मोजून बघतो म्हणाला.